उद्याची माणसं

दुपारी बाराच्या ठोक्याला चिखलदऱ्यात एक आवाज होतो. खट्. एका घरातून नव्हे, साडेतीनशे घरांतून एकदम. नवीन पाहुणा असला तर त्याच्या हातातला चहा सांडतो. गावकरी मानसुद्धा वर करत नाहीत. स्वस्त लाइन आली, आता तीन वाजेपर्यंत विटा तापणार, एवढंच त्यांना त्यातून कळतं.

गोष्ट २०४३ सालच्या पौषातली. थंडीनं तोवर सगळं ताळतंत्र सोडलं होतं. पूर्वी चिखलदऱ्यात दव गोठलं की वर्तमानपत्रात फोटो यायचा. आता महिना महिना नळाचं पाणी गोठून बसायचं. लाकूड जाळायची सोय नाही, कारण चहूकडे मेळघाटचं राखीव जंगल. आणि विजेचं म्हणाल तर तिचाही उलटाच कारभार झाला होता. खाली अचलपूरपासून अमरावतीपर्यंत सपाटीवर नजर जाईल तिथवर सौरपट्ट्या. भर दुपारी वीज इतकी तयार व्हायची की ती ठेवायची कुठं हा कंपनीला घोर. म्हणून बारा ते तीन दर अगदी पाण्याच्या भावात, आणि सूर्य कलला की तीच वीज आठपट महाग.

यावर तोडगा म्हणून ऊबपेटी आली. दिसायला गोदरेजच्या कपाटाएवढी. आत लोखंडाच्या खनिजाच्या जड विटा रचलेल्या, विटांमधून तापणाऱ्या तारा, बाहेरून जाड अस्तर. दुपारच्या तीन तासांत विटा सहाशे अंशांवर जायच्या आणि मग पुढचे एकवीस तास झडपेतून थोडी थोडी ऊब सोडत राहायच्या. तिच्यासाठी घरात वेगळी लाइन, वेगळं मीटर. त्या लाइनवर पंखा की दिवा, काही म्हणजे काही जोडायचं नाही.

पहिल्या पेट्या अगदीच बावळट होत्या. रिकाम्या खोल्या तापवायच्या आणि माणसं स्वयंपाकघरात कुडकुडायची. मग कंपनीनं पेटीला अक्कल दिली. फरशीखाली, पलंगाच्या पायाशी, छताच्या कडेला केसासारख्या बारीक तारा टाकल्या. वायरमन त्यांना कानवायर म्हणत. माणूस कुठं बसतो, किती वाजता उठतो, श्वास कसा घेतो, त्याच्या अंगाची ऊब किती, इतकंच काय, पलंगातून झिरपणारा काळजाचा बारीक ठोकासुद्धा त्या तारा टिपायच्या. हे सगळं राज्यातल्या लाखो घरांतल्या नोंदींशी पडताळून पेटी दुपारी बाराला ठरवायची की उद्या किती ऊब लागेल. आणि पेटीवरच्या छोट्या पाटीवर आकडा उमटायचा : उद्याची माणसं, अमुक.

कुणी लेकीकडं जाणार असलं की आकडा एकानं उतरायचा. बॅग भरायची गडबड, वेळीअवेळी उठणं, पेटीला बरोबर कळायचं. लोक कौतुक करायचे. मग वानखडे मास्तरांच्या घरी आकडा दोनाचा एक झाला. मास्तर कुठंच जाणार नव्हते. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पुढच्या महिन्यात पोस्टाच्या गल्लीत तसंच झालं, मग खालच्या मोहल्ल्यात. कंपनीचा साहेब हात झटकून म्हणाला, "अहो, पेटीला मरणबिरण काही कळत नाही. अशा अशा खुणांनंतर जागा रिकामी होते, एवढं तिनं लाख वेळा पाहिलेलं आहे."

हे ऐकून कुणाचं समाधान होणार? लोक बाराच्या सुमाराला पाटीवर फडकं टाकू लागले.

प्रफुल्ल थोटेच्या घरी मात्र फडकं नव्हतं. तो परवानाधारक वायरमन, गावातल्या निम्म्या पेट्या त्यानंच बसवलेल्या. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, घरात तो आणि आई. भिंतीपलीकडं थोरला भाऊ रामेश्वर आणि छाया वहिनी. मुळात घर एकच होतं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि बैठकीच्या मधोमध भिंत आली. आई दोन्हीकडं जायची. भाऊ भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं ते असं. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा प्रफुल्ल सेमाडोहला खांबावर चढलेला. रामेश्वर घरी होता, गाडी दारात उभी होती, आणि तरी बाबांना दवाखान्यात नेलं नाही. प्रफुल्ल आला तेव्हा सगळं आटोपलेलं. दहाव्याला पंगतीत, पन्नास माणसांदेखत तो ओरडला, "बाबाले तू मारलं दादा, तू!" रामेश्वरानं पानावरचा हात काढला, उठला आणि आत गेला. त्यानं कधी काही सांगितलं नाही, आणि यानं कधी विचारलं नाही.

तर पेट्या. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दोन्ही घरांच्या पेट्या मधल्या भिंतीला पाठीला पाठ लावून बसल्या, कारण एवढं ओझं पेलेल असा पाया तिथंच होता. दोन्हीकडचं काम प्रफुल्लच्याच वाट्याला आलं. दादा बाहेर गेल्याचं बघून तो पलीकडं गेला, चाळीस मिनिटांत वायरिंग उरकलं, वहिनीनं ठेवलेला चहा तसाच ठेवून परत आला.

आता वायरमन लोकांची एक खोड सांगतो. दुसऱ्याच्या घरी प्रफुल्लचं काम बघत राहावं असं. लाल, पिवळी, निळी वायर रांगेत, प्रत्येक टोकाला नंबराची नळी. स्वतःच्या घरी? पोत्यात उरलेले तुकडे! सगळे काळे, एकालाही नंबर नाही. आपल्याच घरचं आहे, आपल्याला ठाऊक असतं की! आणि गंमत बघा, भावाचं तोंड बघत नव्हता, पण हातानं पोत्यातलेच काळे तुकडे काढले. हाताच्या लेखी ते घरही आपलंच होतं. दोन्हीकडच्या कानवायर भिंतीतल्या एकाच भोकातून आल्या आणि आपापल्या पेटीला लागल्या. निदान त्याला तसं वाटलं. दोन्ही पाट्यांवर दोन-दोन माणसं उमटली. टेस्टिंग पास.

पण त्या दिवाळीपासून घरात काहीतरी बिघडलं होतं. पहाटे पाचाला पेटीची झडप उघडायची आणि उगवतीच्या खिडकीजवळचा कोपरा तापू लागायचा. तिथं कुणी बसत नव्हतं. माणूस शेजारी बसल्यावर येते तसली ती ऊब, अर्धा तास थांबायची आणि निघून जायची. आई गारठून पांघरुणात, आणि कोपरा गरम. प्रफुल्लनं दोनदा झडप बदलली. काही फरक पडला नाही. मग एक दिवस त्यानं पाहिलं की आईनं त्या कोपऱ्यात पाट मांडून ठेवलाय. त्यानं विचारलं नाही, आणि रोज पाटाला वळसा घालून जाऊ लागला.

पौषातल्या त्या मंगळवारी तो दुपारी जेवायला घरी आला. आईनं पिठलं-भाकर वाढली. पहिला घास तोंडाशी नेला आणि खट्. सवयीनं त्यानं पाटीकडं पाहिलं.

उद्याची माणसं : एक.

घास हातात राहिला. आई चुलीशी, म्हणजे शेगडीशी, पाठमोरी उभी होती. एवढीशी पाठ, मफलर गुंडाळलेला.

"आई, तुले काही होते का? छातीत, पाठीत?"

"मले काय होते? भाकर वाढू का?"

"चक्कर? हातापायाले मुंग्या?"

"मुंग्या साखरेच्या डब्यात झाल्या," आई म्हणाली आणि वळून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिचं लक्ष पाटीकडं गेलं. तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, बरंच झालं.

"ऊठ. अमरावतीले जाऊ. तुझी तपासणी करायची राहिली."

"आत्ता? अरे, जेव तर खरं!"

"ऊठ म्हणतो ना!"

त्यानं तिला शालीसकट गाडीत बसवलं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घराघरांतून विटा तापल्याचा एकसुरी गुणगुणता आवाज येत होता. एरवी त्याला तो ऐकूही येत नसे. आज वाटलं, प्रत्येक घरात कुणीतरी माणसं मोजत बसलंय. शेजारच्या ओट्यावर रामेश्वर उभा होता. आईला गाडीत पाहून तो दोन पायऱ्या उतरला. हात वर केला, की डोळ्यांवरचं ऊन अडवलं, कोण जाणे. प्रफुल्लनं गाडी काढली.

अमरावतीच्या दवाखान्यात आईची झाडून सगळी तपासणी झाली. रक्त झालं, छाती झाली, डोकं झालं. साडेपाचला डॉक्टर हसत बाहेर आले. "काकूंचं काळीज चाळिशीतल्या बाईसारखं आहे हो. कशाला आणलंत यांना?"

प्रफुल्ल त्यांच्याकडं बघतच राहिला. आई ठीक. मग घरात दुसरं माणूस कोण? तो स्वतःच. "तुमचंही बघून घेऊ का, आलाच आहात तर?" डॉक्टरांनी विचारलं. "माझं? नाही, नाही. माझं काय!" तो म्हणाला आणि आईजवळ बाकावर जाऊन बसला.

आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पेटीनं काही सांगितलं का रे?"

त्यानं मान हलवली.

"मले वाटलंच. पण मी भेत नाही. तुझे बाबा येतात ना रोज."

"काय बोलतं आई?"

"पहाटे पाचाले. खिडकीजवळ. मी पाट मांडून ठेवला हाय. ऊब येते, अर्धा तास बसतात अन् जातात. रामेश्वरची दाढीची वेळ. तो नाही का, मिसरूड फुटल्यापासून आरसा घेऊन खिडकीशी बसायचा, अन् बाबा त्याच्याशी गप्पा मारत…"

ती बोलत राहिली, पण प्रफुल्लला पुढचं ऐकू आलं नाही. रामेश्वरची दाढी. पाच वाजता. खिडकीशी. भिंतीच्या पलीकडं तशीच खोली, तशीच उगवतीची खिडकी. आणि भिंतीतल्या एका भोकातून आलेले सगळे काळे तुकडे.

बाबा येत नव्हते. त्याची पेटी दिवाळीपासून भावाच्या घराचं ऐकत होती आणि भावाची पेटी त्याच्या घराचं. 'एक' हा आकडा आईचा नव्हताच.

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो नंबर लावला. एकाच रिंगमध्ये फोन उचलला गेला.

"आईले काय झालं?" रामेश्वरचा आवाज.

"आई ठीक हाय. दादा, ऐक, पेट्यांच्या वायरी…"

"उलट्या हायेत. माहीत हाय मले."

"माहीत? कधीपासून?"

"दिवाळीपासून. आई रात्री किती खेपा उठते ते मले इकडं कळते. तू कामावरून कधी येतं, ते कळते. मागच्या आठवड्यात तुले ताप होता ना? दोन दिवस ही झडप बंदच झाली नाही."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तू बोलत होता का माझ्याशी?" रामेश्वर थांबला. मग अगदी सहज, पावसापाण्याची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "तुझ्या पाटीवर किती आलं आज?"

प्रफुल्लला खोटं बोलावंसं वाटलं, पण ज्या माणसाला चार वर्षं पाण्यात पाहिलं त्याच्याशी पहिलंच बोलणं खोटं कसं बोलायचं?

"एक," तो म्हणाला.

"बरं."

"बरं काय? दादा, वहिनीले घे अन् लगेच निघ. मी डॉक्टरले सांगून ठेवतो."

"राहू दे रे. घरीच बरा हाय मी."

बाबांच्या वेळीही हा असाच घरी बसून राहिला होता! प्रफुल्लचं डोकं भणाणलं. तो काहीबाही ओरडणार, तेवढ्यात आईनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "रामेश्वर," ती म्हणाली, "तुझे बाबा असेच घरातून गेले, मी काही म्हणलं नाही. तुले नाही जाऊ देत मी. गाडीत बस."

साडेआठला ते दोघं पोचले. वहिनीनं गाडी चालवली होती. रामेश्वर आपल्या पायांनी आत आला आणि दारातच खाली बसला. काळजाच्या तीन नसा बंद होत्या. सकाळी जाळी बसवून त्यातल्या दोन उघडल्या, तिसरीचं नंतर बघू म्हणाले. "दोन दिवसांत गेले असते," डॉक्टर प्रफुल्लला म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं?" प्रफुल्लनं वायरिंगमध्ये बिघाड होता एवढंच सांगितलं.

सहा दिवस चौघं दवाखान्यात होते. भाऊ भाऊ फार काही बोलले नाहीत. प्रफुल्ल दादाला मोसंबी सोलून द्यायचा. दादा ती खायचा आणि बिया याच्या तळहातावर ठेवायचा. प्रफुल्लला आपला हात आखडल्यासारखा वाटायचा, डावा खांदा भरून यायचा. गाडी दामटली त्याचं असेल, असं म्हणून तो गप्प राहिला.

सोमवारी सगळे घरी आले. मंगळवारी सकाळी प्रफुल्ल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भिंतीशी बसला, तर शाल पांघरलेला रामेश्वर दारातून आत आला. चार वर्षांनी तो या बाजूला येत होता. येताना त्यानं दाराच्या चौकटीवरून हात फिरवला.

"आजच्या दिवस वायरी राहू दे," तो म्हणाला. "माझा आकडा तू पाह्य, तुझा छाया पाहते तिकडं. मग कर सरळ."

पावणेबारा. दोघं पाटीसमोर बसले. आई मधे, दोघांचे हात धरून. भिंतीवरच्या घड्याळाकडं कुणीच बघत नव्हतं.

खट्.

उद्याची माणसं : दोन.

प्रफुल्ल हसला की रडला ते त्यालाच कळलं नाही. "दोन! दादा, दोन हाय! हरवलं रे हिला, हरवलं!" त्यानं दादाच्या मांडीवर थाप मारली. मग भिंतीकडं तोंड करून ओरडला, "वहिनी, तिकडं?"

त्यानं भिंतीवर थाप मारली.

"वहिनी!"

पुढच्या दारानं वहिनी आली. हात कणकेनं भरलेले, तसेच पुढं धरलेले. ती प्रफुल्लकडं बघेना, आईकडंही बघेना. "भाऊजी," ती म्हणाली, "एक हाय."

आईची तर नखशिखांत तपासणी झाली होती. तीन माणसांचे डोळे हळूहळू प्रफुल्लवर येऊन थांबले. त्याला एकदम खांदा जाणवला, आणि खांद्यातून कोपरापर्यंत उतरलेली ती बारीक ओढ, जी आज सकाळपासून गेलीच नव्हती.

"घर सहा दिवस बंद होतं," तो म्हणाला. "अंदाज चुकला असेल. असं होते कधी कधी. दोन दिवस पाहू."

"ऊठ," रामेश्वर म्हणाला.

"दादा, अरे, तू आत्ता आजारातून उठला. बस जरासा. चहा पिऊन निघू ना. चहा झाला की…"

आपलं बोलणं त्याचं त्यालाच ऐकू आलं. अमरावती, दवाखाना, सुया, ते पांढरे दिवे, सगळं फार लांबचं वाटत होतं, आणि हे घर, आई, समोर बसलेला भाऊ, इथून हलूच नये असं झालं होतं. खरंच, एक कप चहा घ्यायला काय हरकत होती?

रामेश्वरचं तोंड राखेसारखं झालं. "बाबा हेच म्हणले होते," तो म्हणाला. "शब्दन् शब्द हेच. 'रामेश्वर, बस जरासा, चहा पिऊन निघू.' किल्ली माझ्या हातात होती. मी बसलो रे. मले वाटलं, माणूस मागते तर एक कप चहा… बशीत ओतला त्यांनी. फुंकर मारली. अन् बशी तशीच…" त्यानं शालीनं तोंड पुसलं. "तू पंगतीत बोलला ते खोटं नव्हतं. मी बसलो होतो. आज नाही बसत. छाया, किल्ली घे!"

प्रफुल्लला काही बोलायचं होतं, चार वर्षांचं सगळंच बोलायचं होतं, पण दादानं त्याला दंडाला धरून उभंच केलं. सहा दिवसांपूर्वी काळजात जाळी बसवलेला माणूस, एवढी ताकद त्यानं आणली कुठून देव जाणे. आई दारात थांबली. गाडीत चौथ्याला जागा होती, पण ती म्हणाली, "कुणीतरी घरी पाहिजे." गाडी सुटताना प्रफुल्लच्या मनात आलं, पेटीचा आकडा आता चुकणारच नाही. उद्या या घरात एकच माणूस असेल. दुसरं कुठं असेल ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

वहिनी कणकेच्या हातांनीच गाडी हाकत होती. मागच्या सीटवर रामेश्वरानं भावाचं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं आणि तो ओठ हलवत ठोके मोजत होता. मोथा गावाच्या पुढं उतार लागला. घाटातल्या दुसऱ्या वळणावर त्याचे ओठ थांबले. त्यानं मनगट घट्ट आवळलं, पुन्हा चाचपलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "छाया, जोरात घे."